पश्चिमेकडच्या रांगेला मिळालेले क्षार

प्रति,
मा. उपसंचालक (पशुपोषण),
विभागीय पशुसंवर्धन कार्यालय, दुसरा मजला.

मार्फत : केंद्रप्रमुख, पशुसंशोधन केंद्र.

विषय : पश्चिमेकडील रांगेतील बारा गाईंच्या पोटात विनाआदेश गेलेल्या क्षारमिश्रणास कार्योत्तर मंजुरी मिळणे, तसेच मला दिलेले प्रशस्तिपत्र परत घेतले जाणे, याबाबत.

संदर्भ : १) सर्व एकतीस केंद्रांवरील क्षारमिश्रण बंद करण्याचे आपल्या कार्यालयाचे परिपत्रक. २) माझा पहिला अर्ज. ३) त्यास आलेले उत्तर व सोबतचा नमुना ‘क’.

महोदय,

१. आपण या पदावर मागील सोमवारी रुजू झालात. या प्रकरणाची फाइल आपल्या टेबलावर येईपर्यंत तिच्यात माझा सत्कार तेवढा उरला असेल आणि माझी चूक गळून पडली असेल, अशी मला शंका आहे. म्हणून थोडे मागून सांगते. मी विज्ञान शाखेची पदवीधर असून या केंद्रावर प्रकल्प सहायक म्हणून दीड वर्षापासून तात्पुरती काम करते. आपल्या आधी या पदावर असलेल्या साहेबांनी मला ‘निःसंदिग्ध निष्कर्ष काढून अनावश्यक खरेदीस आळा घातल्याबद्दल’ प्रशस्तिपत्र दिले आहे. निष्कर्ष निःसंदिग्ध होता, हे खरे आहे. तो चुकीचा होता, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी मीच केल्या असल्याने अर्जही मीच करत आहे.

२. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा हे एक मोठे पिंप आहे. त्यात गाय चारा नुसता साठवते. पचवण्याचे काम तिथे राहणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव करतात. त्यांना कोबाल्ट लागते. किती, तर गाईच्या दिवसभराच्या चाऱ्यात नखावर मावेल त्याहूनही कमी. पण तेवढेही मिळाले नाही तर सूक्ष्मजीव सुस्तावतात, गाईची भूक मरते, रवंथ कमी होते आणि चारा जसा गेला तसाच शेणातून बाहेर येतो. तांबे, जस्त वगैरे कमी पडले की अंगावरची चमक जाते, डोळ्यांभोवतीचे केस विटतात. मग गाय भिंत चाटू लागते, दावे चघळू लागते. आमच्या केंद्राच्या जमिनीत आणि म्हणून चाऱ्यातही ही खनिजे कमी आहेत. ती पिशवीतून द्यावीत का, एवढाच प्रयोगाचा प्रश्न होता.

३. गोठ्यात चोवीस गाई आहेत. मधे वाट, पूर्वेला बारा आणि पश्चिमेला बारा. पूर्वेकडच्या प्रत्येक गाईला रोज पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण पेंडीवर घालून द्यायचे, पश्चिमेकडच्यांना काहीच द्यायचे नाही, आणि एकशे वीस दिवसांनी दोन्ही रांगांची पचनशक्ती ताडून पाहायची, असे ठरले. मी दर घासाला गाय किती वेळा रवंथ करते ते मोजले. रोज सातेक गाई घेऊन प्रत्येकीचे शेण आठवड्यातून दोनदा चाळणीवर धुऊन न पचलेल्या काड्या वेचल्या. नळीने पोटातला रस काढून त्यात निळ्या रंगाचे थेंब टाकले. सूक्ष्मजीव धडधाकट असतील तर हा रंग पाचेक मिनिटांत नाहीसा होतो, अशक्त असतील तर पंधरा मिनिटे तसाच राहतो. सुरुवातीला दोन्ही रांगांची सरासरी सोळा मिनिटे होती. शेवटी पूर्वेची पाच मिनिटे वीस सेकंद आली. पश्चिमेची पाच मिनिटे पंचवीस सेकंद.

४. यावरून मी अहवालात लिहिले की, दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाक्य आजही बरोबर आहे. दोन्ही रांगा तिपटीने सुधारल्या, ही गोष्ट माझ्या सादरीकरणाच्या एकतिसाव्या चित्रात होती. बैठक बाविसाव्या चित्राला संपली. समितीच्या अध्यक्षांनी कप खाली ठेवत म्हटले, “फरक नाही म्हणजे उपयोग नाही. सोपं आहे.” मी हात वर केला होता, पण तो चहा नको म्हणून केला आहे असे समजून माझ्यासमोरचा कप उचलण्यात आला. दोन्ही रांगा सुधारण्याचे कारण म्हणून मी ‘त्या काळात सुरू झालेला हिरवा चारा’ असे अहवालात नमूद केले होते. पुढे चौकशी करता, तो चारा त्या काळात फक्त कागदावर सुरू झाला होता, असे समजले. गाईंना याची कल्पना नव्हती. मलाही नव्हती. फरक एवढाच की, मी रोज गोठ्यात जात होते आणि मला ती असायला हवी होती.

५. परिपत्रक निघाले. एकतीस केंद्रांत मिश्रण बंद झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी रक्ततपासणीचे अहवाल आले, जे खरे म्हणजे बैठकीआधी यायचे होते. पश्चिमेकडच्या गाईंच्या रक्तात तांबे वाढलेले होते. कोबाल्टपासून पोटात तयार होणारे ब-१२ जीवनसत्त्वही वाढलेले होते, आणि पूर्वेइतकेच. तांबे हवेतून येत नाही. म्हणून मी हौदाचे पाणी तपासले. नळ तपासले. भिंतीचा चुना खरवडून तपासला. गव्हाणीचा रंग तपासला. एका गाईच्या गळ्यातल्या घंटेचाही कीस काढला. ती पितळेची निघाली, पण ती गाय पूर्वेची होती. यात अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, तपासण्यासारखे काही उरले नाही तेव्हा, जी व्यक्ती रोज सकाळी मिश्रण वाटत होती तिला विचारावे असे मला सुचले. एकशे वीस दिवस मी त्या वेळी गोठ्यामागे शेण धूत असे.

६. संबंधित कर्मचाऱ्याचे नाव मी येथे लिहीत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात, पण गोठ्यावरच्या पाच जणांपैकी तिघांना मामा म्हणतात, तेव्हा ही माहिती आपल्या कार्यालयाच्या उपयोगाची नाही. मी विचारले, “मामा, पश्चिमेकडच्यांना कुणी मिश्रण दिलं का हो?” ते पेंड कालवत होते. मान वर न करता म्हणाले, “मीच. दुसरं कोण देणार?”

मी म्हटले, “पण त्यांना द्यायचं नव्हतं!”

“बारा जणींना वाढायचं आणि समोरच्या बारा जणींनी माना लांब करून बघत बसायचं? ताई, तुम्ही उभ्या राहून बघा एक दिवस. जमतं का ते सांगा मला.”

“मग मला सांगायचं तरी!”

“तुम्ही विचारलं कधी? तुम्ही रोज शेणाला विचारत होता.”

हे विधान वस्तुस्थितीला धरून असल्याने मी पिशवीच्या हिशोबाकडे वळले. पिशवी मी दर सोमवारी तोलून देत असे आणि ती दर सोमवारी बरोबर संपत असे, म्हणून मला कधी संशय आला नव्हता. ती कशी पुरली, असे विचारल्यावर त्यांनी माझ्या पन्नास ग्रॅमच्या मापाऐवजी वापरलेले एका डब्याचे झाकण दाखवले. “पन्नासात दोघींचं भागवलं. पिशवी तेवढीच होती ना. दुप्पट दिली असती तर मी काय हात आखडला असता?” ते झाकण मी त्यांच्याकडून तीस वेळा भरून घेऊन तोलले. सरासरी पंचवीस ग्रॅम, चूक एका ग्रॅमच्या आत. माझ्या मापाची चूक तीन ग्रॅम आहे.

७. म्हणजे, महोदय, आमच्या प्रयोगात मिश्रण मिळालेली रांग आणि न मिळालेली रांग अशा दोन रांगा नव्हत्याच. निम्मे मिश्रण मिळालेल्या चोवीस गाई होत्या, आणि मी त्यांची एकमेकींशी तुलना करून फरक नाही असे सिद्ध केले. समितीने त्यावरून क्षारमिश्रण निरुपयोगी ठरवले. ते बहुधा निम्म्या प्रमाणातही गुणकारी आहे, असे ठरायला हवे होते.

८. ‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण न दिलेली गाय असल्याशिवाय दिलेल्या गाईबद्दल खात्रीने काही म्हणता येत नाही. सुदैवाने अशी एक गाय आहे. पश्चिमेकडची बिल्ला क्रमांक एकोणीस. तिला गोठ्यावर साहेबीण म्हणतात. हे नाव मी ठेवलेले नाही. तिला मिश्रणाचा वास आवडला नाही. रोज तिच्यापुढे झाकण रिकामे केले की ती फुंकर मारून मिश्रण उडवत असे आणि शेजारची वीस क्रमांकाची ते चाटून घेत असे. साहेबिणीचा निळा रंग शेवटच्या दिवशीही सतरा मिनिटे टिकला. वीस क्रमांकाच्या रक्तात तांबे सगळ्यांत जास्त आहे. केंद्रप्रमुखांना मी हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अहो, एका गाईवरून कुठे धोरण ठरतं का?” मला हे पूर्णपणे मान्य आहे. फक्त, सध्याचे धोरण शून्य गाईंवरून ठरलेले आहे, हे आपल्या निदर्शनास आणू इच्छिते.

९. वरील सर्व गोष्टी मी पहिल्या अर्जात कळवल्या. (तो अर्ज चार पानांचा होता आणि त्यात आलेख होते. ही माझी दुसरी चूक.) आलेल्या उत्तरात तीन मुद्दे आहेत. पहिला असा की, समितीने मान्य केलेला निष्कर्ष नवीन प्रयोगाशिवाय बदलता येत नाही. दुसरा, नवीन प्रयोगासाठी क्षारमिश्रण खरेदी करावे लागेल. तिसरा, क्षारमिश्रणाची खरेदी मान्य निष्कर्षानुसार बंद आहे. हे उत्तर मी तीन वेळा वाचले. त्यात मला कोठेही चूक सापडली नाही, आणि एक विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला त्याचे कौतुकही वाटले.

१०. सोबत नमुना ‘क’ भरून मागितला आहे. त्यातील बहुतेक रकाने मी भरले आहेत. सहाव्या रकान्यात ‘विनाआदेश वाटप झालेले साहित्य परत जमा केल्याचा दिनांक’ विचारला आहे. याबाबत विनम्र खुलासा असा : त्यातील काही भाग सध्या गाईंच्या यकृतात शिल्लक आहे. बाकीचा शेणावाटे बाहेर आला, शेण खतात गेले, खत केंद्राच्याच चारा पिकाला घातले गेले आणि तो चारा गाईंनी खाल्ला. तेव्हा साहित्य परत जमा होण्याची प्रक्रिया अखंड चालू असून तिला एक असा दिनांक देता येत नाही. रकान्यात ‘सातत्याने’ असे लिहिले आहे. ते चालत नसल्यास कळवावे.

११. चौथ्या रकान्यात ‘मिश्रण देणाऱ्या व्यक्तीचे नाव’ मागितले आहे, आणि तळटीपेत ‘अवज्ञेबद्दल सेवासमाप्तीच्या कारवाईसाठी’ असे छापलेले आहे. हा रकाना मी पहिल्या वेळी कोरा पाठवला होता, म्हणून नमुना परत आला. गोठ्यावरच्या पाचही जणांची सेवा वीस वर्षांपुढची आहे. यांतल्या कोणालाही एवढ्यासाठी घरी बसवले तर तो अन्याय होईल, हे माझे मत. आणि कारवाई चुकीच्या माणसावर होईल, ही वस्तुस्थिती. कारण समितीतल्या नऊ जणांना मी हा प्रयोग बावीस चित्रांतून समजावला, ज्यांच्या हातात माप होते त्यांना मात्र जाता जाता एवढेच म्हटले की, “मामा, पूर्वेकडच्यांना पन्नास-पन्नास ग्रॅम घाला.” पश्चिमेकडच्यांना का घालायचे नाही, त्यांच्या उपाशी राहण्याने पुढे कोणाचे भले होणार आहे, हे मी सांगितले नाही. मला ते सांगण्यासारखे वाटले नाही. प्रयोग तिथेच बिघडला, आणि तो माझ्या हातून बिघडला.

१२. ही चूक सुधारावी म्हणून मागच्या महिन्यात मी त्याच मामांना सगळे नीट समजावून सांगितले, जमिनीवर खडूने दोन रांगा काढून. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे या बारा जणी उपाशी राहिल्या तर सगळ्या एकतीस ठिकाणच्या गाईंना मिळेल, असंच ना?” मी हो म्हटले. “मग पाळी लावा की. दोन महिने यांना द्या, त्यांना नको. मधे थोडे दिवस कुणालाच नको. मग दोन महिने त्यांना द्या, यांना नको. तुम्हाला तुमचा फरक दिसेल, आणि कुणाच्या पोटावर कायमचा पाय नाही पडणार.”

महोदय, या पद्धतीला शास्त्रात अदलाबदल पद्धत म्हणतात. ती मला तिसऱ्या सत्रात शिकवली होती, परीक्षेत तिच्यावर दहा गुणांचा प्रश्नही आला होता, आणि प्रयोग आखताना ती मला आठवली नाही. तिच्यात प्रत्येक गाय स्वतःचीच तुलना होते, त्यामुळे चोवीस गाईंत अठ्ठेचाळीस गाईंचे काम होते. त्याप्रमाणे नवीन प्रयोगाचा प्रस्ताव जोडला आहे. प्रस्तावाच्या छापील नमुन्यात ‘मूळ संकल्पना कोणाची’ असा रकाना असून तो कोरा सोडता येत नाही. म्हणजे आपल्याच कार्यालयाच्या एका कागदावर सेवासमाप्तीसाठी आणि दुसऱ्या कागदावर संकल्पनेसाठी, एकाच माणसाचे नाव मागितले जात आहे. दुसऱ्या कागदावर ते लिहिण्याची माझी फार इच्छा आहे. पहिल्या कागदाचा निकाल लागेपर्यंत थांबले आहे.

१३. मला थांबता येते, गाईंना येत नाही. परिपत्रक निघून आठ आठवडे झाले. निळा रंग पुन्हा अकरा मिनिटांवर गेला. सकाळच्या एका तासात भिंत चाटणाऱ्या गाई पूर्वी दोन असत, त्या चौदा झाल्या. भिंतीवरचा चुना गाईच्या मानेच्या उंचीपर्यंत नाहीसा झाला आहे, आणि बांधकाम विभागाने त्याबद्दल आमच्याकडे वेगळे स्पष्टीकरण मागितले आहे. दहा दिवसांपूर्वी पूर्वेकडची सात क्रमांकाची माझा रबरी हातमोजा चघळून गिळून बसली. दोन दिवस तिने रवंथ केली नाही. पोट ढोलासारखे फुगले. पशुवैद्य कोपरापर्यंत तेलाने माखलेला हात पुसत म्हणाले, “पोट बंद पडलं होतं. या खेपेला औषधावर निभावलं. अशी भुकेली ठेवलीत तर पुढच्या खेपेला फाडावं लागेल, आणि त्यातून उठेलच असं मी सांगणार नाही.” ती भुकेली नव्हती, तिची गव्हाण भरलेली होती. ती जे शोधत होती ते गव्हाणीत नव्हते.

१४. सबब विनंती की :
(अ) पश्चिमेकडील रांगेस दिलेल्या मिश्रणास कार्योत्तर मंजुरी द्यावी, म्हणजे अवज्ञा झाली नाही असे होईल;
(आ) नवीन प्रयोगाचा निकाल लागेपर्यंत परिपत्रक स्थगित करावे;
(इ) माझे प्रशस्तिपत्र परत घ्यावे. ते जोडले आहे. केंद्रप्रमुखांचे म्हणणे आहे की प्रशस्तिपत्र परत घेण्याची तरतूद नियमात नाही, दिल्याची पोच मात्र घ्यावी लागते. तेव्हा निदान पोच द्यावी.

१५. एक गोष्ट राहिली. सात क्रमांकाची उठून उभी राहिली त्या दिवशी मी प्रयोगशाळेतली, विश्लेषणासाठी राखून ठेवलेली दहा किलोंची सीलबंद पिशवी उघडली. त्या दिवसापासून आज धरून नऊ दिवस मी स्वतः दोन्ही रांगांना मिश्रण घालते आहे, प्रत्येकी पंचवीस ग्रॅम, कोणत्याही आदेशाशिवाय. गोठ्यावरच्या कोणाही कर्मचाऱ्याला मी पिशवीला हात लावू दिलेला नाही. त्यामुळे नमुना ‘क’ च्या चौथ्या रकान्यात आता मला एक नाव लिहिता आले आहे. ते माझे आहे. कारवाई त्या नावावर करावी. किमान नऊ दिवसांपुरते ते पुराव्यानिशी खरे आहे, आणि आधीच्या एकशे वीस दिवसांची जबाबदारीही मी वर मुद्दा ११ मध्ये स्वीकारली आहे.

मामांनी सांगितल्याप्रमाणे मी वाटेच्या मधोमध उभी राहून पाहिले. पूर्वेला घालत असताना पश्चिमेच्या बारा माना लांब होतात. मला जमले नाही.

१६. रोज सहाशे ग्रॅम लागतात. पिशवीत आज चार किलो सहाशे ग्रॅम शिल्लक आहेत. ते सात दिवस पुरतील. आठव्या दिवशी सकाळी चारशे ग्रॅम उरलेले असतील, म्हणजे सोळा गाईंपुरते. त्या दिवशी कोणत्या आठ गाईंना वगळायचे, याबाबत त्यांच्या बिल्ला क्रमांकांसह आपल्या सहीचा लेखी आदेश सातव्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मिळावा. आदेश देण्यापूर्वी आपण गोठ्यावर समक्ष येऊन, मधल्या वाटेत उभे राहून त्या आठ जणी निवडाव्यात, अशी विनंती आहे. वाटप सकाळी साडेसहाला सुरू होते.

आपली नम्र, आणि हा अर्ज लिहीपर्यंत तरी सेवेत असलेली,

(सही)
प्रकल्प सहायक
दिनांक : १४ फेब्रुवारी

सोबत : रक्ततपासणी अहवाल (प्रत), शेण चाळणीच्या नोंदी (चाळीस पाने), भरलेला नमुना ‘क’, नवीन प्रयोगाचा प्रस्ताव (एक रकाना सोडून), प्रशस्तिपत्र (मूळ), बिल्ला क्रमांकांची कोरी यादी.